पिवळ्या छत्रीवाला म्हातारा

आमच्या कोन नावाच्या गावात देवळाबाहेरच्या नळावर पाय धुतो, तेव्हा मला तो म्हातारा आठवतो. मुलगा-सून मला जपानला घेऊन गेले होते. क्योतो शहरातली देवळं दाखवायला तो गाईड होता, माझ्यापेक्षा वयानं मोठाच. ऊन नसलं तरी पिवळी छत्री उंच धरून चालायचा. देवळातून निघताना बोट न दाखवता नुसत्या मानेनं आमची डोकी मोजायचा. काही विचारलं की "हाय, हाय" म्हणायचा; जपानीत त्याचा अर्थ "हो", पण ऐकायला अगदी आमच्या गावकीतल्यासारखं.

तिसऱ्या देवळापाशी दगडी कुंड होतं, त्यावर लांब दांड्याची बांबूची पळी. मी बूटमोजे काढले आणि पायांवर पाणी ओतलं.

सून हळूच म्हणाली, "बाबा, ते फक्त हात-तोंड धुवायला आहे. सगळे बघतायत."

"बघू दे. देवाकडं जाताना पाय धुतात. मला कोन शिकवायचा नाय."

म्हातारा पुढं झाला. पुजाऱ्यासमोर जाऊन माझ्या वतीनं कमरेत वाकला, पळी धुऊन जागेवर ठेवली. मग गुडघे टेकून खाली बसला आणि आतल्या लाकडी जमिनीवर मी घसरू नये म्हणून आपल्या रुमालानं माझा पाय पुसू लागला.

चूक माझी होती, हे तेव्हाच कळलं होतं. त्याला दंडाला धरून उठवायला हवं होतं. नुसतं "राहू द्या" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सगळे बघत होते, म्हणून मी दुसरा पाय पुढं केला.