कोंडाबाईंच्या हातातली पानं

पडदा वर जातो. मागे पेठ गावातली जुनी बसची शेड. नवा रस्ता पलीकडून गेल्यापासून इथे गाडी थांबत नाही, त्यामुळे बाकडी आमची. उन्हं कललेली. मधोमध सतरंजी, तिच्यावर चार म्हातारे, आणि एका म्हाताऱ्याच्या खांद्याला खांदा लावून एक बाई बसलेल्या. हिरवं लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा, हातात पत्त्यांचा पंखा. त्या कोंडाबाई. मी उभ्या आयुष्यात राण्या पाहिल्या, दासी पाहिल्या, रंग लावलेल्या आणि पुसलेल्याही. पण इतका बोलका चेहरा आमच्या तमाशाच्या फडात कधी उभा राहिला नाही.

कोंडाबाईंचं आयुष्य शेतात गेलं. टोमॅटो तोडणाऱ्या बायकांच्या टोळीत त्या पुढे असायच्या. मुकादमाने वजनात काटा मारला की तोंडातून शब्द काढायच्या नाहीत, पण त्यांच्याकडे नुसतं बघून बाकीच्या बायका पाट्या खाली ठेवायच्या. धम्मपालचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, नोकरीचा निकाल लागला त्या दिवशी त्या पिठाच्या गिरणीवर उभ्या होत्या. कोणी विचारलंच नाही. गिरणीवाल्याने दळण तसंच टाकून पेढे मागितले. धम्मपालसाठी मुलगी बघायला गेल्या, तर पोह्यांचा पहिला घास घेतला आणि मुलीच्या आईने घाईघाईने मीठ आणलं. घरातली गोष्ट घरात ठेवायची तर कोंडाबाईंना बाहेर सोडायचं नाही, असं पोपटराव म्हणायचे.

पोपटराव त्यांचे यजमान. वायरमन म्हणून नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी या शेडमध्ये मेंढीकोट बसवला. दोघं विरुद्ध दोघं, ज्यांच्याकडे दश्शी, म्हणजे दहाची पानं, जास्त त्यांचा डाव, हरणाऱ्यांनी चहा पाजायचा. पोपटराव आणि मी एका बाजूला, भगवंत आणि कुशाबा दुसऱ्या. भगवंत बागायतदार, खेळताना पत्त्यांपेक्षा माणसांकडे जास्त बघणारा. कुशाबा सुतार, कमी बोलणारा. नियम सगळे पोपटरावांचे. आपल्या भिडूला खूण करायची नाही, खोकायचंही नाही. बघ्याने बोलायचं नाही. आणि कोणाच्या हातातून पान उताणं पडलं तर ते तसंच सतरंजीवर राहील, सगळ्यांना दिसेल असं. एकदा भगवंताची दश्शी अशी निसटली. त्याने किती विनवण्या केल्या, पण पोपटराव म्हणाले, “पडलं ते पडलं, भाऊ. जगानं बघितलं, आता झाकून काय उपेग?”

मग गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण दोन्ही हात थरथरायचे. पुन्हा खेळायला आले तेव्हा पहिल्याच डावात चार पानं उताणी पडली. भगवंतच म्हणाला, “उचला राव, आमी न्हाई बघितली.” पोपटरावांनी उचलली नाहीत. स्वतःच्या नियमाने खेळले आणि हरले. कुशाबाने लाकडाला खाच पाडून पानं उभी करायचा ठोकळा आणला. एक पान काढताना तीन आडवी व्हायची.

घरी पोपटराव भिंतीकडे तोंड करून पडू लागले. सुनेशी नाही, नातीशी नाही, कोणाशी बोलणं नाही. कोंडाबाईंनी बरेच दिवस ते पाहिलं आणि एका दुपारी त्यांना धरून शेडमध्ये आणलं. म्हणाल्या, “पानं मी धरते. कुटलं टाकायचं ते ह्यांनी बोटानं दावायचं. चालंल का न्हाई, सांगा.”

चालणार होतंच. पण चाललं नाही.

एक्का आला की कोंडाबाईंचा चेहरा दिवाळी. दुर्री-तिर्री आली की घरातलं कोणी गेल्यासारखा. भगवंताने आपल्या पत्त्यांकडे बघणंच सोडून दिलं. तो कोंडाबाईंकडे बघायचा आणि जिंकायचा. “वहिनी, तुमी आलाय तेव्हापासनं आमाला चहाचा खर्च न्हाई बघा,” असं वर म्हणायचा. त्यात दुष्टपणा नव्हता. समोर उघडी खिडकी असली तर माणूस बघणारच.

मी त्यांना शिकवायला गेलो. रंगभूमीवर निम्मं आयुष्य घालवलेला माणूस, वाटलं, एवढं तर जमेल. मेलेल्याचं सोंग कसं घ्यायचं, नजर एका खिळ्यावर कशी ठेवायची, ओठांच्या आत जीभ कशी दाबायची, सगळं दाखवलं. त्यांनी मनापासून केलं. परिणाम असा की चांगलं पान आलं की त्या श्वास रोखायच्या आणि लालबुंद व्हायच्या. भगवंत म्हणाला, “नाना, आता तर लांबनं बी दिसतंय.”

त्या संध्याकाळी घरी जाताना पोपटराव वाटेत थांबले. “उद्याचा दिस येतो,” ते म्हणाले. “उद्या बी माझी पानं हिच्या तोंडावर वाचली, तर मी उठतो. रोज बघायला बसतो त्या जानकूला घ्या माझ्या जागी.” आणि मग कोंडाबाईंना, हळू आवाजात, “तुजा दोष न्हाई.” कोंडाबाईंचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या वेगळ्याच. पानं हातात घेतली आणि चेहऱ्यावर सुख, दुःख, राग, कौतुक, सगळं नेहमीसारखं येत-जात राहिलं. पण भगवंताचे अंदाज चुकू लागले. एका हाताला तो निर्धास्त होता, तो हात आमचा झाला. दुसऱ्या हाताला घाबरून राजा मागे ठेवला, तर पोपटरावांकडे नुसती पंजी. तरीही डाव अटीतटीचा राहिला. दोन दश्शी आमच्या, एक त्यांची. राहिली बदामची, आणि ती भगवंताकडे होती.

कुशाबाने बदामचा राजा टाकला. मी हलकं पान टाकलं. आता भगवंताची पाळी. आपल्या भिडूच्या राजावर दश्शी टाकून ती पदरात पाडावी, पण एक्का पोपटरावांकडे असला तर दश्शी जाणार. त्याने कोंडाबाईंकडे रोखून पाहिलं. कोंडाबाई हातातल्या एका पानाकडे बघत होत्या, आणि तोंड असं वाकडं, कपाळाला अशी आठी, जणू कोणी दारात उभं राहून टोमणा मारलाय.

भगवंत हसला. दश्शी टाकली.

पोपटरावांचं थरथरतं बोट पुढे आलं, एका पानावर टेकलं. कोंडाबाईंनी ते काढून सतरंजीवर ठेवलं. बदामचा एक्का.

मग भगवंत म्हणाला, “वहिनी, एक्का हातात असताना असलं तोंड?”

“एक्का कसला,” कोंडाबाई म्हणाल्या. “ती माझी लोणी गावची नणंद हाय.”

मग उलगडा झाला. चेहरा आवरत नाही म्हटल्यावर त्यांनी रात्री मेथी निवडता निवडता पानांना माणसं वाटून दिली होती. बदामचा एक्का नणंद. चौकटची दुर्री नात प्रज्ञा, म्हणून ती आली की गाल वर. किलवरची पंजी लाडका धाकटा भाऊ. त्या पानांकडे बघतच नव्हत्या, माणसांकडे बघत होत्या, आणि ज्याच्याबद्दल जे वाटतं ते खरंखुरं चेहऱ्यावर येऊ देत होत्या. मी मान खाली घातली. हे मला फडात कोणी सांगितलं असतं, तर मी बरा नट झालो असतो.

“ह्ये नियमात बसतं का, पोपटराव?” भगवंताने विचारलं.

पोपटराव हसत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होते. “बघ्यानं बोलायचं न्हाई, असा नियम हाय. ती बोलली का?”

“न्हाई.”

“आपल्या भिडूला खूण केली का?”

भगवंताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मला तर आत्ता कळलं, राव.”

“मग मांड पुढचा डाव,” पोपटराव म्हणाले. “आन् जानकूला सांग, जागा न्हाई.”

कुशाबा उठून चहा सांगायला गेला. भगवंताने पानं गोळा केली, पिसू लागला आणि मधेच थांबला. “वहिनी, एवढं एक सांगा. गुलाम कोण हाय? मला तर न्हाई केला?”

कोंडाबाईंनी पदराने चष्मा पुसला, परत नाकावर चढवला आणि म्हणाल्या, “त्ये आज सांगितलं तर उद्या काय खेळू, भाऊ?”