शिस्तीचा पाऊस

थोरल्या सुनेला घरात सगळे 'वेधशाळा' म्हणत. पाच वर्षं ती उपग्रहाच्या आकड्यांवरून शहरातल्या पावसाचा लहरीपणा अभ्यासत होती. तरी वाळत घातलेले कपडे भिजायचे ते भिजतच.

प्रबंधाचा सगळा जीव चौथ्या प्रकरणात होता. शहरात कुठे धो धो, कुठे टिपूस नाही. फक्त जुन्या जलकुंभाच्या भागात पाऊस शहाण्या मुलासारखा बेताने पडे. वरचा उपग्रह तेच सांगे, खालचं पर्जन्यमापकही तेच. दोन साक्षीदार, एक जबानी! आठ दिवसांत प्रबंध दिला की पदवी आणि कायमची नोकरी, दोन्ही पदरात.

टाकीवरच्या त्या मापकाच्या नोंदी अकरा वर्षं सासऱ्यांनी ठेवल्या होत्या. पाणीखात्यात त्यांच्या वक्तशीरपणाचे दाखले देत. आभाराच्या पानासाठी ती त्यांना विचारायला गेली.

"बाबा, रोज सकाळी टाकीवर चढायचात ना?"

"चढतोय कुठला! गुडघे गेल्यावर खिडकीतून हात बाहेर काढायचो. अंदाज यायचा."

"अकरा वर्षं?"

"पहिली दोन सोड. पण फार जास्त, फार कमी कधी लिहिलं नाही हं. उगाच वरून चौकशी येते."

"अहो, पण उपग्रहही तेच..." बोलता बोलता ती थांबली. उपग्रहाचे आकडे जमिनीवरच्या मापकाशी ताडून दुरुस्त करतात, आणि त्या भागात मापक एकच. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? पण हवं ते उत्तर हाती आल्यावर उलटतपासणी कोण करतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"म्हणजे तो वरचा माझंच ऐकून बोलत होता?" सासऱ्यांचा चेहरा क्षणभर उजळला. तिला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

चौथं प्रकरण गेलं. पदवी वर्षभर लांबली, नोकरी दुसऱ्याला मिळाली. नव्या मसुद्यात तिने एवढंच लिहिलं: 'जलकुंभ केंद्राच्या नोंदी तांत्रिक कारणामुळे वगळल्या आहेत.'

सासऱ्यांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं.

"तांत्रिक कसलं डोंबलाचं? निरीक्षकाने मनचे आकडे लिहिले, असं लिही."

"तुमची अब्रू जाईल, बाबा."

"जाऊ दे. तांत्रिक म्हटलंस तर पुढचा कोणी दुरुस्त करून वापरेल. मग त्याचीही पाच वर्षं जातील."