दुसऱ्या खुर्चीतला डॉक्टर

लग्नासाठी मुलगी बघायला जातात, तेव्हा चहा-पोह्यांवर भागतं. मी एका मुलीला माझं सोनोग्राफीचं मशीन दाखवण्यासाठी अख्खी वैद्यकीय परिषद भरवली. ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती, "सरळ जेवायला बोलवा ना तिला. मी नागलीची भाकरी करते, तुम्ही मशीन दाखवा." तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तिचं ऐकलं असतं तर माझ्या आयुष्यातलं बरंच काही लिहिण्यासारखं उरलंच नसतं.

मी रेडिऑलॉजिस्ट. जव्हारच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी इतकी वर्षं सोनोग्राफी करतोय की ज्या पोरांना पोटात बघितलं, ती आता आपापल्या बायकांना घेऊन येतात. आमचा सगळा धंदा काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटांचा. अलीकडे त्या मधल्या छटा मला पुसट दिसायला लागल्या. नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला आणि सांगितलं, आता थांबा.

थांबायला माझी हरकत नव्हती. पण सोनोग्राफीला नोंदणीकृत डॉक्टर लागतो. तो गेला आणि दुसरा आला नाही, तर अधिकारी येऊन मशीनला लाखेचं सील लावतात, मागच्या मागे कोणी मुलगा की मुलगी बघू नये म्हणून. कायदा बरोबर आहे, त्याच्या बाजूने मी भाषणंही ठोकली आहेत. फक्त सील लागलं की आसपासच्या खोडाळ्याची, पोशेऱ्याची बाई भरल्या दिवसांत नाशिकला जाणार. किंवा जाणारच नाही. बहुतेक जाणारच नाही.

अशात नाशिकच्या एका तरुण डॉक्टरणीचा निरोप आला. "सर, तुमची जागा रिकामी होणार असं ऐकलं. मला यायचा विचार करायला आवडेल." असं विचारणारी ती पहिली आणि एकटीच. मी घाबरलो. साध्या दिवशी आली तर तिला काय दिसणार? पोपडे निघालेली भिंत, दारात जांभई देणारी आमची आयामावशी, आणि मी. त्यापेक्षा ती यायच्या दिवशी गावात शंभर रेडिऑलॉजिस्ट फिरताना दिसले, तर तिला वाटेल, अरे, इथे तर रोजचीच वर्दळ आहे. असा माझा विचार. याला मी नियोजन म्हणत होतो.

शहरातल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेच्या अध्यक्षांना कल्पना एकदम पसंत पडली. विषय ठरला 'दुर्गम भागातील इमेजिंग'. परवान्याच्या नूतनीकरणाला लागणारे गुण मिळणार, शिवाय धबधबा बघायला मिळणार. अध्यक्षांनी फोनवर आधी धबधब्याचंच विचारलं.

तारीख ठरवताना मी स्वतःवर खूश होतो. पावसाळ्यात घाटात दरड, म्हणून नको. दिवाळीनंतर अर्धी गावं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, दवाखाना ओस पडतो. मुलीला वाटायचं इथे कामच नाही. म्हणून दसऱ्यानंतरचा आठवडा. हिरवळ शाबूत, रस्ते शाबूत, पेशंट शाबूत.

राहिला हॉल. जव्हारातलं मंगल कार्यालय घेतलं. पैसे भरून झाल्यावर लक्षात आलं की त्याला तिन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, आणि एक्स-रे दाखवायला अंधार लागतो. मंडपवाल्याला म्हटलं, काळे पडदे लाव.

"काळं कापड आपल्याकडे नाय, सायेब. शुभकार्यात काळं लावतं का कोणी?"

"हे शुभकार्य नाही. परिषद आहे."

"मंग मंगल कार्यालय कशाला घेतलं?"

त्याच्याकडे लाल, गुलाबी आणि सोनेरी झालर होती. लाल कापड लावून बघितलं, तर पडद्यावरची छाती अशी गुलाबी दिसायला लागली की एकही आजार ओळखू येईना. सगळे पेशंट लाजल्यासारखे. शेवटी पाऊस संपल्यावर घरांच्या छपरांवरून उतरवलेल्या ताडपत्र्या त्याने गोळा करून आणल्या आणि खिडक्यांवर ठोकल्या. अंधार उत्तम झाला. हवाही उत्तम बंद झाली. जमलेल्या मंडळींना इडलीसारखं वाफवत आम्ही विज्ञानाची सेवा सुरू केली.

सकाळी एका प्राध्यापकांनी, आता यंत्रच क्षणात एक्स-रे वाचून निदान कसं सांगणार, यावर व्याख्यान दिलं. भविष्यकाळ ऐन रंगात आला असताना लाइट गेली.

ती मात्र आली होती. पहिल्या रांगेत बसली. चहाच्या वेळी, लाइट परत आल्यावर, मी तिला दवाखान्यात नेलं. तिने पर्स ठेवली, हात धुतले आणि बाहेर थांबलेल्या एका गरोदर बाईला माझ्यासमोर तपासलं. बाळाचं डोकं, पाणी, ठोके, सगळं कसं झरझर. ज्या छटांसाठी मी पडद्याला नाक लावतो, त्या तिने लांबून बोटाने दाखवल्या. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "बाईचा हात हलका हाय. हिला सोडू नका."

मुलीने खिडकीतून दरीकडे बघितलं आणि विचारलं, "सर, इथे भाड्याने घर मिळेल?"

तिथेच परिषद बंद करून सगळ्यांना धबधब्यावर पाठवायला हवं होतं. पण जेवणानंतर माझं भाषण होतं.

ही मला सकाळीच बजावून गेली होती, "आज गमती नकोत. हवा चांगली आहे, माणसं चांगली आहेत, एवढं बोला आणि खाली बसा." मी तसंच ठरवलं होतं. पण ताडपत्रीखाली बासुंदी-पुरी जेवलेली माणसं, पहिल्याच वाक्याला तीन रांगा झोपल्या. त्यांना जागं करण्यापुरता एक किस्सा सांगितला. छातीच्या फिल्मवर डाग दिसला म्हणून मी एका माणसाची मजुरी बुडवून त्याला नाशिकला पाठवला होता. तो डाग म्हणजे त्याच्या पाठीवर लोंबणारा ताईत निघाला. हॉल हसला. मग मला कोण थांबवणार?

जुळ्यांचा किस्सा सांगितला. मी एकच बाळ सांगितलं आणि आली दोन. आजोबा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, दुसरा कुठं दडला व्हता, त्ये एकदा त्यालाच इचारा." मित्राला फोटो पाठवायला, रेंजसाठी सोनोग्राफीची फिल्म घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलो, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं की फोटो हलला आहे, तेही सांगितलं.

आणि शेवटी माझा हुकमी किस्सा. माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एखादी केस कळेनाशी झाली की मी माझ्या खुर्चीतून उठतो, समोरच्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, "काय डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" मग इकडे येऊन उत्तर देतो. सेकंड ओपिनियन, तेही फुकट. मावशी बाहेर बायांना सांगते, "थांबा गं, आत दुसरा डॉक्टर आलाय. दोघं बोलतात."

लोक टेबल बडवत होते. अध्यक्षांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत ती सुरुवातीला सगळ्यात मोठ्याने हसत होती. शेवटी हसत नव्हती. मला ते दिसलं नाही. माझ्या डोळ्यांचं सांगितलंच आहे. कडेला बसलेल्या हिने नंतर सांगितलं.

संध्याकाळी बसमध्ये सामान चढत असताना ती माझ्याकडे आली.

"सर, दुसऱ्या खुर्चीत बसल्यावर उत्तर कधी वेगळं आलं?"

"आलं ना. बरेचदा."

"मग कोणाचं ऐकायचात?"

"ज्याला जास्त भूक लागली असेल त्याचं."

मीच हसलो, एकटा.

"रस्त्याचं मला काही नाही, सर. लाइट जाते, रेंज नाही, तेही चालेल. पण चुकत असले तर मला सांगणारं कोणीतरी हवं. माझी अजून तेवढी तयारी नाही. कोणाची असते का, माहीत नाही."

"अगं, मी आहे ना इथे. मला दाखवायचं."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. तिने माझ्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. ती चांगल्या घरातली आहे.

मी आणखी हातपाय मारले. म्हटलं, हे एवढे मोठे लोक आलेत, कधीही फोन कर, सगळे मदत करतील. ती म्हणाली, "सोनोग्राफी फोनवर कळत नाही, सर. ज्याचा हात फिरतो त्यालाच दिसतं." हे मीच माझ्या भाषणात सांगितलं होतं. टाकीच्या किश्श्यात.

तिने वाकून नमस्कार केला. मागून अध्यक्ष आले, त्यांनी माझा खांदा थोपटला. "सर, तुम्ही म्हणजे परिषदेचं आकर्षण. पुढच्या वर्षी आमच्याकडे या, हेच भाषण रात्रीच्या जेवणानंतर ठेवू." लाज वाटायला हवी होती. मी विचारलं, "किती मिनिटांचं?"

बस गेली. मंडपवाला ताडपत्र्या उतरवत होता. घरच्या दाराशी येऊन ही एवढंच म्हणाली, "भाकऱ्या खाऊन ती राहिली असती."

त्यानंतर मी ओळखीच्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात विचारलं. तिथल्या विद्यार्थ्यांना माझे किस्से फार आवडतात, असं सगळीकडून कळलं. यायला कोणी तयार नव्हतं.

सील लावायला आलेले अधिकारी सज्जन होते. मशीनभोवती कापडी पट्टी गुंडाळली, मेणबत्तीवर लाख वितळवली, शिक्का दाबला. पंचनामा लिहायला टेकावं म्हणून ते समोरच्या खुर्चीत बसले. मी माझ्या खुर्चीत. सवयीने विचारणार होतो, काय वाटतं तुम्हाला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नवीन डॉक्टर कधीपर्यंत?" मी म्हटलं, "बघतोय." त्यांनी तेही लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

बाहेर खोडाळ्याहून आलेली एक बाई बसली होती. दिवस भरत आलेले, सोबत सासू. मावशी तिला सांगत होती ते आत ऐकू आलं.

"नाय होनार आता इथं. नाशिकला जावा."

"सायबांना दिसत नाय, ते कळलं," सासू म्हणाली. "पन तो दुसरा डॉक्टर व्हता ना आतला? त्याला सांग की."

"तोबी गेला," मावशी म्हणाली.

सासूने पिशवी उचलली आणि सुनेला हात दिला. नाशिकच्या जीपचं तिने विचारलं नाही. दोघी खोडाळ्याकडे जाणारी गाडी कुठे लागते, ते विचारत बाहेर पडल्या.