धुरपताबाईंची बुडी

बोरी गावात विहिरीत काही पडलं, की लोक आधी धुरपताबाईंच्या दारात यायचे. साठी उलटलेली बाई, पण काष्टा घट्ट मारून उडी टाकली की तळाची कळशी घेऊनच वर. त्यांची सून बबिता पालम गावची, तिला गुडघाभर पाण्याचंही भ्या. काठावर उभी राहून पाण्यात विरत जाणारं ते लुगडं बघताना ती पदर मुठीत घट्ट धरायची.

गेल्या चैत्रात मात्र आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई, बुडी मारून वर यायला लागल्या आणि मधेच थांबल्या. पिंढरीत गोळा आला होता. दगडासारखी कडक पिंढरी, पाय हलेना. पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला कवटाळून त्या कशाबशा राहिल्या. चार माणसांनी दोर टाकून वर ओढलं.

मग गोळे जणू घरचेच झाले. चालताना, भाकरी थापताना. मेडिकलमधून मनानंच कॅल्शियमच्या गोळ्या आणून खाल्ल्या, फरक काडीचा नाही. शेवटी बबितानं त्यांना एसटीत बसवून जिंतूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला दिलं अन् विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?"

धुरपताबाई लाजल्या. "शेतात आडोसा न्हाई बाई. पाणी प्यालं की जावं लागतं. म्हणून पीतच न्हाई."

बबितानं खाली बघितलं. तीही तेच करत होती.

रक्तात पोटॅशियम कमी निघालं. त्या रोज घेत होत्या ती बीपीची गोळी लघवी वाढवून पोटॅशियम घालवणारी, ती डॉक्टरीणबाईंनी बदलून दिली. वरून म्हणाल्या, "दुकानातून मनानं गोळ्या घेऊ नका. काय कमी आहे ते बघूनच घ्यायच्या. पाणी प्या, जेवण चुकवू नका. ताक, केळी, तीळ, शेंगदाणे, पालेभाजी, हेच पोटात जाऊ द्या."

घरी आल्यावर बबितानं शेताच्या बांधाला जुन्या साड्यांचा आडोसा बांधला. तांब्या भरून ती आत्यांपुढं धरायची, मग स्वतःही प्यायची. संकष्टीला नुसत्या चहावर राहणाऱ्या आत्या आता भगर अन् ताक घेऊ लागल्या. हळूहळू गोळे विरळ झाले. पावसाळ्यात तर नावच नाही.

कार्तिकात धुरपताबाईंचे धाकटे दीर बन्सीधर यांची पाण्याची मोटार पाइपापासून सुटून विहिरीत पडली. सकाळपासून उन्हात राबलेले, पोटात काही नाही, तरी त्यांनी कुणाचं न ऐकता उडी घेतली. क्षणभरात डोकं वर आलं, तोंड वेडंवाकडं झालेलं.

"पाय! पाय गेला!" एवढंच म्हणून ते खाली गेले.

काठावर गलका झाला. दोर आणायला कुणी धावलं. बबितानं शेजारी बघितलं, तर आत्यांनी काष्टा मारलेला.

"आत्या, नका!"

धप्प आवाज झाला. हिरवं पाणी फाटलं आणि पुन्हा मिटलं. बबिताला वाटलं, आता दोघंही गेली. मग पांढरे केस वर आले, मागून बन्सीधरांची मान. त्यांनी घाबरून वहिनीलाच मिठी मारली.

"मला सोडा, भावजी! पाइप धरा!" धुरपताबाई ओरडल्या. "आता पाय सरळ ताना. पायाची बोटं गुडघ्याकडं वढा. गोळा सुटतो, मला म्हाईत हाय!"

बन्सीधर कळवळले, पण पाय ताणला. हळूहळू चेहरा निवळला. तोवर दोर आला.

वर आलेल्या धुरपताबाईंच्या पदरातून पाणी निथळत होतं. बबिता त्यांना कोरडं लुगडं गुंडाळायला गेली, तर हात जोडूनच उभी राहिली. ज्या बाईच्या पायावर रोज तेल चोळलं, ती तिला अचानक विहिरीहून खोल वाटली.

"अगं, बघतीस काय?" धुरपताबाई म्हणाल्या. "भावजींला ताक दे. बिगर जेवता पाण्यात शिरत असतेत का?"

बन्सीधर ग्लास रिकामा करून जमिनीवर बसून राहिले. मोटार त्या दिवशी कुणी काढलीच नाही.