झाईची कालवं
भाजलेल्या कालवांचा वास आला की मला झाईच्या खाडीकाठची ती दुपार आठवते. आजारपणात बाबांची चव गेली होती आणि सहा महिने ते औषध घ्यावं तसं जेवत होते. खाडीत कालवं वाढवणाऱ्या मावशींनी दोरीवरचे शिंपले सोडवून चुलीवर टाकले आणि पहिलं कालव बाबांच्या हातावर ठेवलं. “माझ्यावर वाया घालवू नका, मला चव कळत नाही,” बाबा म्हणाले. “नाय कळली तर नाय. गरम हाय तोवर खा, भाऊ,” मावशी म्हणाल्या. बाबा चावता चावता थांबले आणि हळूच म्हणाले, “खारट लागतंय.” आईने मावशींकडे आणखी ताटभर कालवं मागितली. हल्ली आमटीत मीठ कमी पडलं म्हणून बाबा कुरकुरतात, आणि आई हसून मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवते.