पोट्टी मठ्ठ हाय जी

मोर्शीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात नत्थुजींचा संत्र्यांचा बगीचा होता, पण बगीच्यापेक्षा त्यांचा संशयी स्वभावच जास्त प्रसिद्ध होता. देवळात प्रसाद घेतानासुद्धा त्यांची नजर आधी पुजाऱ्याच्या हातावर, पुढच्याला जास्त आणि आपल्याला कमी तर पडत नाही ना म्हणून. वाटेत कुणी थांबून सहज ख्यालीखुशाली विचारली, तर घरी येऊन बायकोला, मैनाबाईंना, म्हणत, "त्याले काय पाह्यजे असंन बरं?"

याला कारण घडलं होतं. एका वर्षी दूरचा एक व्यापारी बगीचा बघायला आला. झाडांवरून हात फिरवला, असा माल अख्ख्या वऱ्हाडात नाही म्हणाला, चहा पिऊन गेला, आणि आज येतो, उद्या येतो करत सगळा हंगाम लटकवून ठेवला. फळं झाडाखाली सडली. तेव्हापासून नत्थुजींनी खूणगाठ बांधली, की तोंडभर कौतुक करणाऱ्याला काही घ्यायचं नसतं. नवा व्यापारी आला की ते स्वतःच आपल्या मालाला नावं ठेवू लागले. "यंदा काई खरं नाई जी. झाडावर कोळशी रोग पडला, फळ गळून राह्यलं." हे ऐकून जो काढता पाय घेई तो थापाड्या. जो थांबून स्वतःच्या डोळ्यांनी झाडं बघू लागे ते खरं गिऱ्हाईक. ही परीक्षा त्यांना कधी दगा देत नसे, आणि गावाला ती चांगली ठाऊक होती.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर या गावात दर रविवारी अमरावतीहून मोटारीने दोघं येऊ लागले. अनुपमा आणि तिचा चुलतभाऊ कमलाकांत. दोघं वकिलाच्या घरातले, त्याच उन्हाळ्यात बी.ए. झालेले. शेतकऱ्यांची मुलं मॅट्रिकला इंग्रजीत आणि गणितात गळतात आणि कॉलेजात शेवटी शहरातलीच मुलं बसतात, हे त्यांना खुपत होतं. म्हणून गावातल्या शाळेच्या ओसरीवर बसून ते मॅट्रिकच्या मुलांची तयारी करून घेत. मुलींत एकटीच होती, नत्थुजींची मुलगी सुंदरा. रोज मोर्शीच्या शाळेत पायी जाऊन शिकणारी.

एका रविवारी अनुपमा तिच्या घरी आली. "नत्थुजी, तुमची सुंदरा फार हुशार आहे. तिला कॉलेजात पाठवा. अमरावतीत मुलींचं वसतिगृह आहे, आम्ही सगळी व्यवस्था बघू."

नत्थुजींनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "तुमाले याच्यात काय भेटते बाई?"

"काही नाही."

यापेक्षा वाईट उत्तर असू शकत नव्हतं. काही मिळतं म्हणाली असती तर नत्थुजी त्या रात्री निवांत झोपले असते.

त्यांनी तर्क लढवले. निवडणूक तोंडावर होती, म्हणजे मतं असतील. वकिलाचं घर आहे, म्हणजे जमिनीवर डोळा असेल. कुठल्या तरी बिजवराला पोरगी दाखवायची असेल. शेवटी धोतर बदलून ते स्वतः अमरावतीला गेले. कचेरीच्या आवारात लिंबाखाली दिवसभर बसले, पक्षकारांशी तंबाखू मळत गोष्टी केल्या. वकील खरा होता, पोरं त्याचीच होती, निवडणुकीशी त्यांचा संबंध नव्हता आणि घरात लग्नाचं कुणी नव्हतं. सगळं खरंच निघालं. त्यामुळे संशय जास्तच वाढला.

मग त्यांनी आपलं हुकमी हत्यार काढलं. पुढच्या रविवारी अंगणात बाज टाकून दोघांना बसवलं, मैनाबाईंना चहा ठेवायला सांगितला आणि सुरुवात केली. "तुमी उगाच जीव काढून राह्यले मास्तर. पोट्टी मठ्ठ हाय जी. डोस्क्यात काईच शिरत नाई तिच्या."

कमलाकांत हसला. "आम्हाला तसं वाटत नाही."

हे पळाले नाहीत, याची नत्थुजींनी नोंद घेतली. पण गिऱ्हाईक एकदा थांबलं म्हणून भरवसा ठेवावा इतके ते भोळे नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी बोली आणखी उतरवली. शाळेतले मास्तर दया करून पास करतात, बायकोच्या माहेरचं डोकं आलंय, चुलीजवळच बरी दिसते. अनुपमा दर वेळी तावातावाने भांडे. नत्थुजी वरून कपाळाला आठ्या घालत आणि आतून त्यांना गुदगुल्या होत. पोरीसाठी कुणी परकं माणूस इतकं भांडतंय हे ऐकायला त्यांना आवडत होतं. आणखी ऐकायला मिळावं म्हणून ते आणखी नावं ठेवत.

चहाचे कप घेऊन दाराआड सुंदरा उभी असे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

परीक्षा महिन्यावर आली आणि सुंदराने पुस्तकं माळ्यावर टाकली. रविवारी ओसरीवर गेली नाही, सोमवारी शाळेत गेली नाही. विळा घेऊन बगीच्यात गवत कापायला गेली. विचारलं तर एवढंच म्हणाली, "मले नाई जमत."

नत्थुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी दगा झालाच. पुढच्या रविवारी ते तरातरा शाळेच्या ओसरीवर गेले आणि सगळ्या मुलांसमोर त्यांनी अनुपमाला धरलं. "काय म्हनलं तुमी माह्या पोरीले? काहून तिनं पुस्तक टाकलं?"

अनुपमाचा चेहरा उतरला. "मी तिला काहीच बोलले नाही."

"मंग कोन बोललं?"

"तुमी." आवाज मागून आला. मैनाबाई डोक्यावरचा पदर सावरत त्यांच्या मागोमाग आल्या होत्या. "दर रविवारी बोलून राह्यले. मठ्ठ हाय, मठ्ठ हाय. पोट्टी दाराआडून आयकत होती."

"मी तं यायले पारखून राह्यलो होतो." नत्थुजींचा आवाज एकदम खाली आला. "साऱ्या गावाले मालूम हाय माही रीत."

"गावाले हाय. बापानं पोटच्या पोरीचा सौदा मांडला असंन, हे तिले कसं समजावं?"

नत्थुजी तिथून निघाले ते घरी. माळ्यावर चढून त्यांनी पुस्तकं काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि बगीच्यात गेले. त्यांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. सुंदरा धुऱ्याशी, बांधाच्या कडेला, गवत कापत होती. पलीकडच्या ओळीत एक व्यापारी फळं चाचपत हिंडत होता.

"पोरी, मी खोटं बोललो."

सुंदरा विळा चालवतच राहिली.

"मी कोन्या मालाले नावं ठेवतो, सांग. धुऱ्यावरच्या वाळल्या झाडाले कोळशी पडली मनून मी कधी कोनाले सांगतलं काय? जे झाड चांगलं, त्याचंच वाईट सांगतो."

विळा थांबला. "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू त्या बाईले सांगतलं असतं."

सुंदराला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. डोळे पुसून तिने बापाकडे सरळ बघितलं. "मंग खरं काय ते सांगा. मी मठ्ठ नाई, तं काय हाय?"

नत्थुजींनी तोंड उघडलं. पलीकडे व्यापारी ऐकत होता. इतक्या वर्षांत चांगल्याला चांगलं म्हणायची जिभेला सवयच राहिली नव्हती. त्यांनी पुस्तकं पुढे केली. "परीक्षेले बस," एवढंच ते म्हणाले.

सुंदराने पुस्तकं घेतली, पण उत्तर मिळालं नाही हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. उरलेले रविवार नत्थुजी स्वतः तिला ओसरीपर्यंत सोडत आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर बसून राहत. अनुपमाची त्यांनी माफी मागितली नाही, पण दर वेळी संत्र्यांची टोपली नेली. वरची फळं चांगली आणि खालचीही चांगली, हे बघून मैनाबाई काय ते समजल्या.

सुंदरा पास झाली. जूनमध्ये नत्थुजी तिला घेऊन अमरावतीच्या एका कॉलेजात गेले. सोबत अनुपमा होती. मुलाखत घेणारे प्राध्यापक वयस्कर होते. त्यांनी चष्म्यावरून आधी मुलीकडे, मग बापाच्या पागोट्याकडे बघितलं. "गावाकडची मुलं इथं टिकत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. मुलगी कशी आहे अभ्यासात?"

नत्थुजींचे डोळे बारीक झाले. हा माणूस त्यांना नवा होता, खुर्चीवर बसलेला होता आणि मालाला नावं ठेवत होता. म्हणजे घेणारा दिसतो. आता आपली बोली लावायची वेळ, आणि जुने शब्द जिभेवर आलेसुद्धा. सुंदरा मान खाली घालून उभी होती, दाराआड उभी राहायची तशीच.

नत्थुजींनी पागोटं काढून हातात घेतलं.

"हुशार हाय जी," ते म्हणाले. आवाज थरथरला, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा मोठ्याने म्हटलं, बाहेरच्या व्हरांड्यातही ऐकू जावं असं. "माही पोट्टी लय हुशार हाय."

सुंदराने मान वर केली.