वाळूतली तुराटीची काडी

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आणि ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, त्यांच्याविषयी बोलण्याचा हक्क मी स्वतःच्या तोंडानं घालवला आहे. तरी वाचकांनी एवढं सोसून घ्यावं.

"आंधी सांग, मंग सोड."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येई. म्हणणारे तिथले शिपाई होते. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची ही गोष्ट. खाकी कोटाच्या खिशात बोटभर लांबीच्या तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाच्या, काड्या, बोटांना पितळ घासायच्या पावडरीचा वास. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

मामांनी स्वतःच्या हातानं एक यंत्र केलं होतं. दाराच्या बिजागरीवर वरखाली होणारी पितळी नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंग अडकवायला तीन खाचा, आणि समोर चाळलेल्या वाळूची लांब पेटी. नळी हव्या त्या कोनात ठेवा, स्प्रिंग हव्या त्या खाचेत ओढा, खटका दाबा, की लोखंडी गोळा उडून वाळूत पडे. पण त्याआधी, तो कुठं पडेल असं वाटतं तिथं वाळूत काडी खोचावी लागे. काडी खोचल्याशिवाय मामा खटक्याला हात लावू देत नसत.

"गोळा त पडनच बाप्पा, तो काय वरतं राह्यते? तुह्या डोक्यात कुठी पडला, ते दाखव."

वर्गात सर फेकलेल्या वस्तूची गती इंग्रजीतून शिकवत. फळा सूत्रांनी भरून जाई. मी सगळं उतरवून घेई आणि मला काहीच कळत नसे. पहिल्या चाचणीत नापास झालो, तेव्हा गावी परत जायचं मनाशी ठरवलं होतं. मामांनी माझं तोंड पाहिलं.

"कावून बे, कोन मेलं?"

"मामा, मले नाही जमत."

"काडी खोचता येते ना? मंग जमते."

महिनाभर रोज तास संपले की मी त्या पेटीपाशी. आधी माझी काडी एकीकडे आणि गोळा दुसरीकडे. "हा त मोर्शीले निघाला अन् अचलपुरात उतरला," मामा म्हणत. मग अंतर कमी होत गेलं. एके दिवशी गोळा नेमका काडीवर पडला आणि काडी आडवी झाली. मामांनी ती उचलून कोटाच्या वरच्या खिशात ठेवली.

पुढं सरांनी वर्गात विचारलं, सर्वांत लांब फेक कोणत्या कोनात जाते? मी उठून म्हणालो, पंचेचाळीसच्या जरा खाली. वर्ग हसला. "नेमके पंचेचाळीस," म्हणत सरांनी बसायला सांगितलं.

मामांना ते कळलं. "कावून म्हनलं तसं?"

मी चाचरत सांगितलं. आमचं घर बार्शीटाकळीकडचं, स्वतःचं वावर नाही. दुसऱ्यांच्या ज्वारीची राखण करायची, गोफणीनं पाखरं हाकायची. हातालाच ठाऊक होतं, गोफण जरा खालून सोडली की खडा लांब जातो.

"उभा कुठी राहे?"

"माळ्यावर. वावरातलं मचाण, दोन पुरुष उंच."

मामा हसले. त्यांनी यंत्र उचलून स्टुलावर ठेवलं, वाळूची पेटी खाली जमिनीवर. पंचेचाळीसावर एक गोळा सोडायला लावला, मग पस्तिसावर एक. दुसरा पहिल्याच्या पुढं जाऊन पडला.

"सर बी बराबर, तू बी बराबर," मामा म्हणाले. "सर जमिनीवर उभे हायेत. तू माळ्यावर."

त्या दिवसापर्यंत मला कॉलेजात कुणी बरोबर म्हटलं नव्हतं.

वार्षिक प्रात्यक्षिकाला नागपूरहून परीक्षक आले. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं: जमिनीवरून पंचेचाळीस, उंचावरून त्याहून कमी. त्यांनी चष्मा काढला.

"हे कुणी शिकवलं?"

मामा पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन शेजारीच उभे होते. शिपायानं शिकवलं, आणि गोफण चालवताना कळलं, हे त्या साहेबांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

"सर, पुस्तकात वाचलं."

"कोणत्या?"

"नाव आठवत नाही, सर."

त्यांनी मान डोलावली आणि पूर्ण गुण मांडले. मामांनी पेल्यात पाणी ओतलं. एक थेंब सांडला नाही.

मी दुसऱ्या जिन्यानं खाली उतरलो. फाटकाशी मामा उभेच होते. "बराबर गेलं ना? मंग झालं," म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले.

मी अकोल्याला शाळेत मास्तर झालो. तसंच यंत्र केलं. मुलं काड्या खोचतात, हसतात, भांडतात, शिकतात. हे अमरावतीच्या मामांचं, असं मी दरवर्षी त्यांना सांगतो. ज्यांना सांगायचं होतं त्यांच्यापुढं मात्र गेलो नाही. अमरावती काही लांब नाही. प्रत्येक दिवाळीच्या सुटीत बसस्टँडपर्यंत जायचो आणि परत फिरायचो. माझे शब्द कुठं पडतील, तिथं मला काडी खोचता येईना.

शेवटी आठ वर्षांनी कॉलेजच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. 'मामा, अकोल्याला या. मुलांसमोर तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे.'

उत्तर आलं ते माझ्या एका वर्गमित्राचं. तो आता तिथंच शिकवतो. मामा पोळ्याच्या आधीच गेले, त्यानं लिहिलं. कार्ड त्यानंतर आलं. खाली आणखी चार ओळी होत्या:

'गेल्या वर्षी नव्या सरांनी मामांना विचारलं, यंत्र स्टुलावर ठेवायची ही युक्ती कुणाची? मामा म्हणाले, आमचा एक पोट्टा होता, आता अकोल्याले मास्तर हाये. त्यानं कोन्या पुस्तकात वाचलं होतं. सर अजून ते पुस्तक शोधत आहेत. तुला नाव आठवतं का?'